मास्तरांचं मशीन थांबेना

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातापायांतली ताकद जाते. संशयित धरून रुग्ण २०० च्या वर गेले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या बातम्या रोज यायच्या. घरी गेलेल्यांचं काय, हे आम्ही ऑक्युपेशनल थेरपीवाले, म्हणजे रुग्णाला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करणारे, पुढे कित्येक महिने बघत होतो.

त्यातलेच एक लेडीज टेलर. सगळे त्यांना मास्तर म्हणत. चालायला लागले होते, मुठीला जोर आला होता, सुईत दोरा ओवत होते. तरी दुकान बंदच. विचारलं की म्हणायचे, "बघू मॅडम, पुढच्या महिन्यात." शेवटी मी दुकानातच गेले.

मास्तर मशीनवर बसले, उजवं पाऊल मोटरच्या पायपट्टीवर ठेवलं. शिवण सरळ, देखणी आली. पण गळ्याच्या वळणावर थांबायचं तर मशीन थांबेना. पाऊल दाबलं जात होतं, उचललं जात नव्हतं. अख्खी मांडी उचलून पाय काढेपर्यंत सुई चार टाके पुढे गेली.

"हे असं होतं. गिऱ्हाईकाचं कापड आहे, मॅडम. नासलं तर तोंड कसं दाखवू?"

जीबीएसमध्ये बहुतेकदा मांड्या आधी सावरतात, पावलं सगळ्यात मागून. घोटा वर ओढणारे स्नायू तर फारच रेंगाळतात. मास्तरांच्या गुडघ्यात मात्र चांगली ताकद होती. मग शेजारच्या सुताराकडून पायपट्टी एका फळीवर उभी ठोकून घेतली, टेबलाच्या पायाला, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला. गुडघा बाहेर रेटला की मशीन चालू, सैल सोडला की बंद. आधी दोरा न घालता वर्तमानपत्रावर वळणं मारली. शिकाऊ पोरांना ते स्वतः असंच शिकवायचे. नंतर जुन्या धोतरावर. आमच्या थेरपी विभागात कितीही तपासण्या केल्या असत्या, तरी ही अडचण तिथे दिसली नसती. म्हणून कामाच्या जागी जाऊन बघणं हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे, असं मी आमच्या बैठकीत भांडून मांडते.

लग्नसराईच्या ऑर्डरी मात्र मी घेऊ दिल्या नाहीत. या आजारात थकवा महिनोन्‌महिने सोडत नाही. सकाळी कटिंग, दुपारी पाठ टेकायची, संध्याकाळी शिलाई, एवढंच ठरवलं. मास्तरांना ते पटलं नाही. त्यांच्या पत्नीने ऑर्डरची वही उघडली आणि प्रत्येक तारखेसमोर लिहून टाकलं : फक्त दोन ब्लाउज.