नारळाच्या रसातलं भोपळ्याचं सूप: मी करते ते असं

लाल भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. सूप करायचं म्हणून तो आणखी पाण्यात शिजवला की हाती येतं ते गोडसर आणि पाणचट, वर तासाभरात पुन्हा भूक लागते. मग कॉर्नफ्लॉवर नाहीतर क्रीम घालून ते सावरत बसायचं. मी आधी भोपळ्यातलं पाणी घालवते आणि मग डाळ व नारळाचा रस घालून सूपाला अंग आणते. दूध, लोणी, क्रीम यातलं काहीच लागत नाही.

सूप चांगलं होणार की नाही हे निम्मं बाजारातच ठरतं. इथे गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा फोंडा-मडगावच्या मार्केटात घाटावरून आलेले मोठे भोपळे कापून फाकांनी विकतात. पावसाळ्याच्या शेवटी, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुमारास, गावठी लहान भोपळेही दिसतात. फाक घ्यायची तर गर गडद केशरी हवा आणि कापलेली बाजू कोरडी हवी. बिया गरापासून सुटून चिकट पाण्यात लोळत असतील तर ती फाक कालपरवाची समजावी. आख्खा भोपळा घेताना देठ पाहावा: तो पूर्ण वाळून टणक झालेला हवा आणि सालीत नख रुतता कामा नये. हिरव्या, ओलसर देठाचा भोपळा कोवळा असतो. तो भाजीला चालतो, पण सूपात रंगही देत नाही आणि गोडीही.

घरी आणल्यावर आधी कच्च्या गराचा बारीक तुकडा जिभेवर ठेवून पाहते. कडू लागला तर भोपळा टाकून देते. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो. ती शिजवून जात नाहीत आणि पोटाला चांगलाच त्रास देतात. गूळ घालून कडूपणा झाकायचा विचारही करू नये.

चार जणांचं पोट भरेल इतक्या सूपासाठी सालीसकट 1 किलो भोपळा घेते. साल, बिया आणि मधला धागेदार भाग काढला की साधारण 700 ग्रॅम गर उरतो. त्याला 80 ग्रॅम मूगडाळ, एक मध्यम कांदा, लसणीच्या 6 पाकळ्या, इंचभर आलं, 8-10 मिरी, पाव चमचा हळद, दीड मोठा चमचा खोबरेल तेल आणि एका मध्यम नारळाचं अर्धुक, म्हणजे फोडलेल्या नारळाचा अर्धा भाग. मीठ आणि लिंबू शेवटी. मिरी कुळागरातली (सुपारी-मसाल्याच्या बागेतली) मिळाली तर फारच उत्तम. ती आयत्या वेळी खलबत्त्यात भरडावी, महिनोन्महिने डब्यात पडलेल्या पुडीत तो वास राहत नाही.

बियांभोवतीचा धाग्यांचा गुंता बहुतेक घरांत कचऱ्यात जातो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. भोपळ्याचा वास आणि रंग त्यातही भरपूर असतो. बिया वेगळ्या करून तो सगळा गुंता 800 मिली पाण्यात घालते, सोबत कांद्याचं बूड आणि आल्याची साल. मंद आचेवर 20 मिनिटं उकळून गाळलं की 600 मिलीच्या आसपास केशरी पाणी मिळतं. सूपात साधं पाणी न घालता हेच घालायचं. भोपळ्याची साल मात्र यात टाकत नाही. एक तर तिला मातीचा वास असतो, शिवाय बाजारच्या भोपळ्याच्या सालीवर काय फवारलंय ते आपल्याला कळत नाही.

बिया धुऊन फडक्यावर पुसून घ्याव्यात आणि जमलं तर दोन तास पंख्याखाली वाळवाव्यात. मग जाड तव्यावर मंद आचेवर 8-10 मिनिटं परतायच्या. तडतडायला लागल्या की झाल्या. ओल्याच भाजल्या तर बाहेरून करपतात आणि आत चिवट राहतात. बी जून असेल तर टरफल जाड असतं, तेव्हा सोलून आतला मगज घ्यावा.

आता मुख्य काम, भोपळा भाजण्याचं. फोडी दोन सेंटिमीटरच्या आणि शक्यतो सारख्या हव्यात, नाहीतर लहान करपतात आणि मोठ्या कच्च्या राहतात. लोखंडी तवा किंवा पसरट कढई चांगली तापवून घ्यायची, चमचाभर खोबरेल टाकून फोडी एकेरी थरात पसरायच्या. एकावर एक रचल्या तर खालच्यांची वाफ वरच्यांत अडकते, फोडी भाजल्या न जाता उकडतात आणि आपण पुन्हा पाणचट सूपाशी येतो. म्हणून 700 ग्रॅमला मी दोन खेपा करते. झाकण नाही, मीठ नाही. मीठ आधी पडलं की फोडींना पाणी सुटतं आणि तवा थंड होतो.

पहिली चारपाच मिनिटं फोडींना हात लावायचा नाही. तव्यावर आधी सूंसूं आवाज येतो, कडेने पाण्याचे बुडबुडे दिसतात. हळूहळू तो आवाज कोरडा आणि बारीक होतो. म्हणजे वरचं पाणी उडालं. मग उलथन्याने एक फोड उलटून पाहायची: खालची बाजू तपकिरी आणि कोपरे गडद झालेले दिसायला हवेत. तपकिरी रंग आला की उलटून आणखी पाच-सहा मिनिटं. दोन्ही खेपा झाल्या की सगळ्या फोडी एकत्र करून झाकण ठेवायचं आणि मंद आचेवर 5 मिनिटांत आतूनही मऊ होऊ द्यायच्या. 700 ग्रॅमचे आता 500 ग्रॅमच्या आसपास उरतात. ही घट म्हणजे उडालेलं पाणी. ओव्हन असेल तर 200 अंशांवर 35-40 मिनिटं, तेही एकेरी थरातच. कुकरमध्ये हे होत नाही. तिथे भोपळा मऊ होतो, पण त्यातली साखर भाजली जात नाही आणि खमंगपणा येत नाही.

त्याच तव्यात उरलेल्या तेलावर उभा चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परतते, मग ठेचलेलं आलं-लसूण घालून मिनिटभर. लसूण लाल होऊ देऊ नये, वाटल्यावर कडवटपणा सगळ्या सूपात पसरतो. तव्याला चिकटलेली तपकिरी खरड भोपळ्याच्या पाण्याचा डाव ओतून खरवडून घ्यायची. चवीचा मोठा वाटा त्यात असतो.

मूगडाळ कोरडीच दोन-तीन मिनिटं वास सुटेपर्यंत भाजून घेते, धुते आणि अर्धा तास भिजवते. मग चौपट पाणी, हळद, तेलाचे दोन थेंब, कुकरला तीन शिट्ट्या. तेल फेस आवरायला. फेस वर चढला की शिट्टीत अडकतो. डाळ बोटाने दाबली की पूर्ण मोडली पाहिजे, कणी राहिली तर सूप रवाळ होतं. मुगाऐवजी अळसांदे (गोव्याकडची चवळी) घेतले तरी चालतात, चव भरदार येते. पण ते रात्रभर भिजवावे लागतात आणि सालीमुळे रंग मळकट होतो.

डाळ चवीसाठी घालते असं नाही. 100 ग्रॅम भोपळ्यात प्रथिनं जेमतेम 1 ग्रॅम, तर तेवढ्याच कोरड्या मूगडाळीत सुमारे 24 ग्रॅम. 80 ग्रॅम डाळीतून प्रत्येकाच्या वाट्याला 5 ग्रॅमच्या जवळ येतात आणि वर घातलेल्या चमचाभर भाजक्या मगजातून आणखी तीनेक. आजारातून उठलेल्या माणसाला नुसत्या भोपळ्याचं सूप देऊन ‘पौष्टिक’ म्हणणं मला पटत नाही. भोपळ्याचं खरं देणं बीटा-कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं. ते स्निग्ध पदार्थासोबत नीट शोषलं जातं, म्हणजे नारळाचा रस इथे पोषणाच्या कामालाही येतो. ब-12 मात्र या सूपात अजिबात नाही. पूर्णपणे वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांनी त्याची सोय वेगळी करावी.

रसासाठी अर्धुक आदोळीवर (विळीवर) खोवताना करवंटीच्या जवळचा काळपट भाग येऊ देत नाही, रस पांढरा निघतो. खोवलेला नारळ फ्रिजमधला असेल तर आधी बाहेर काढून ठेवावा. नारळाची चरबी 24 अंशांच्या आसपास गोठते, त्यामुळे गार नारळातून रस नीट निघत नाही आणि चोथ्यात निम्मं सत्त्व राहून जातं. पाऊण वाटी कोमट पाणी घालून मिक्सरला थांबत थांबत फिरवायचं, पातळ फडक्यातून पिळायचं: हा दाट रस, साधारण 150 मिली. त्याच चोथ्यात दीड-दोन वाट्या कोमट पाणी घालून पुन्हा फिरवून पिळलं की 300 मिली पातळ रस. दोन्ही वेगळे ठेवायचे, कारण त्यांची कामं वेगळी आहेत. पातळ रस उकळीला टिकतो. दाट रस टिकत नाही.

आता भोपळा, कांदा-लसूण, शिजलेली डाळ आणि भोपळ्याचं पाणी एकत्र करून वाटायचं. हे मिश्रण गरम असताना मिक्सरच्या बंद भांड्यात घालू नये. आतली वाफ फुगते, झाकण उडतं आणि हात भाजतो. 15-20 मिनिटं निवू द्यावं, भांडं निम्मंच भरावं, झाकणावर फडकं धरावं. हँड ब्लेंडर असेल तर पातेल्यातच चालवावा, फक्त पातं बुडालेलं ठेवून. भोपळा धागेदार असेल तर जाड गाळणीतून डावाच्या पाठीने दाबून काढते, बाकी वेळी गाळत नाही. गाळलं की तंतू जातात, आणि भोपळ्यात ते मुळात कमीच.

वाटलेलं पातेल्यात ओतून पातळ रस घालायचा आणि मध्यम आचेवर 7-8 मिनिटं उकळू द्यायचं. तळाला लागतं, म्हणून हलवत राहावं लागतं. डाळ घातलेलं सूप फार पटकन बसतं. दुपारच्या उकड्या तांदळाच्या पेजेतला मऊ भात उरला असेल तर एक डाव या सूपाबरोबर वाटून घेते. पोत इतका मऊसूत होतो की कॉर्नफ्लॉवरची आठवण येत नाही, शिवाय डाळ आणि तांदूळ एकमेकांच्या प्रथिनांतली उणीव भरून काढतात.

मीठ याच टप्प्यावर. गोव्याचं आगरातलं (मिठागरातलं) जाडं मीठ चमच्याने मोजलं तर फसगत होते, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. वजनाने 8 ग्रॅम घालून चव घ्यावी आणि लागलं तर 2 ग्रॅम वाढवावं.

मग आच अगदी बारीक करायची आणि दाट रस धारेने सोडायचा. सूपाच्या कडेला वाफ दिसली, पहिला बुडबुडा यायच्या बेतात आला की गॅस बंद. खळखळ उकळलं तर रस फुटतो: त्यातली प्रथिनं आकसतात, चरबी सुटी होते, वर तेलाचे पिवळसर थेंब तरंगतात आणि कडेला बारीक पांढरे दाणे दिसू लागतात. आंबट घातल्यावर हे आणखी लवकर होतं, म्हणून लिंबू गॅस बंद करून दोन मिनिटांनी पिळायचं. अर्ध्या लिंबाचा रस पुरे. आंबट सुरुवातीला घालणं आणखी एका कारणासाठी टाळावं: आम्लात भोपळा आणि डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. फुटलेला रस पूर्ववत होत नाही, पण अर्धी वाटी शिजलेली डाळ घालून पुन्हा ब्लेंडर फिरवला तर सूप खाण्याजोगं नक्की होतं.

लिंबाऐवजी सोलं (वाळवलेली आमसुलं) घालावीत का? सोलांचा लाल रंग केशरीत मिसळला की सूप मातकट दिसतं. ज्याला ती चव हवी त्याने आपल्या वाटीत आगळाचे (मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाचे) चारपाच थेंब घालावेत. आगळ खारट असतं हे लक्षात ठेवावं. तिरफळं (मिरीसारखं उग्र वासाचं मसाल्याचं फळ) खतखत्यात, म्हणजे गोव्याच्या मिश्र भाज्यांच्या रस्स्यात, मला प्रिय आहेत, या सूपात नाहीत. आतली बी वाटली गेली तर कचकच आणि कडवटपणा येतो आणि भाजक्या भोपळ्याचा वास त्या उग्रपणाखाली दबतो. फारच हवं असेल तर दोन तिरफळं बिया काढून आख्खीच उकळीत घालावीत आणि दाट रसाआधी काढून टाकावीत.

वाढताना वर भरडलेली मिरी आणि भाजलेल्या बिया. बिया पातेल्यात घालू नयेत, दहा मिनिटांत मऊ पडतात. सोबत पोयी (गोव्याचा कोंडा घातलेला पाव) असली की ते पुरतं जेवण होतं. तिच्यातल्या कोंड्यामुळे भोपळ्याच्या मऊपणाला चावण्याजोगं काही मिळतं. लहान मुलांसाठी मिरी कमी करून सूप थोडं दाटच ठेवावं, चमच्यावरून सांडत नाही.

सूप निवलं की घट्ट होतं, कारण डाळ पाणी ओढत राहते. पुन्हा तापवताना गरम पाणी घालून सैल करावं, गार पाण्याने चव फिकी पडते. आपल्या दमट हवेत नारळ घातलेलं सूप बाहेर दोन तासांवर ठेवू नये. फ्रिजमध्ये दोन दिवस, आणि तापवताना उकळू द्यायचं नाही. जास्तीचं करून ठेवायचं असेल तर नारळाआधीचं वाटणच ठेवावं: फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिने. रस ताजा काढून आयत्या वेळी घालावा. कापलेली फाक उरली तर तिचा धाग्यांचा भाग आधी काढावा, बुरशी तिथूनच सुरू होते. मग कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. प्लॅस्टिकमध्ये बांधली तर ती आपल्याच पाण्यात चारेक दिवसांत चिकट होते, कागदात आठवडाभर टिकते.