चाराचे पाच झालो म्हणून

इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टन-नॉर्मल या जोडशहरात आम्ही सात वर्षं भाड्याने काढली. (हो, नॉर्मल हे खरंच गावाचं नाव आहे.) साठवलेलं सगळं वकिलाच्या फीत आणि भारतवाऱ्यांत जायचं, डाउन पेमेंटला काही उरायचं नाही. मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने यूएसडीएच्या कर्जाचं सुचवलं. यूएसडीए म्हणजे अमेरिकेचं कृषी खातं. ते घरासाठी कर्ज देतं हे मला आधी खरंच वाटेना. पैसे बँकच देते, खातं फक्त ९० टक्क्यांपर्यंत हमी घेतं, म्हणून डाउन पेमेंट शून्य असलं तरी बँकेला चालतं. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असताना हे जमलं नसतं. आमच्यासारख्यांना ग्रीन कार्ड लागतं.

हे कर्ज ग्रामीण भागातल्या घरासाठीच मिळतं. आमच्या मॅकलीन काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) जिकडे बघावं तिकडे मका आणि सोयाबीन, त्यामुळे आपण ग्रामीणच, अशी आमची समजूत. पण काउंटीला कोणी विचारतच नाही. खात्याच्या नकाशावर घराचा पत्ता टाकायचा. रंगवलेल्या भागात पडला की अपात्र. आम्हाला आवडलेलं पहिलं घर नॉर्मलच्या कडेला होतं, तीन बाजूंनी मका, तरी रंगात! शेवटी दक्षिणेला हेवर्थच्या बाहेर एक घर सापडलं. बोअरचं पाणी, अंगणात सेप्टिक टाकी. पत्ता पात्र निघाला.

खरी मेख उत्पन्नाची. इथे अट उलटी आहे, जास्त कमावलंत तर कर्ज नाही. २०२५ साली आमच्या भागात चार माणसांपर्यंतच्या घराला १,१९,८५० डॉलरची मर्यादा होती आणि आमचं दोघांचं मिळून १,२६,०००. दोन मुलांचे प्रत्येकी ४८० वजा झाले, धाकटीच्या डे-केअरचे ४,२०० वजा झाले, उरले १,२०,८४०. ९९० डॉलरने हुकलो! मी तर नवऱ्याला ओव्हरटाइम का केलास म्हणून बोलूनही घेतलं.

फाइल मिटता मिटता बँकेतल्या बाईंनी सहज विचारलं, "घरात आणखी कोणी राहतं का?" राहतात की, सासूबाई. चार वर्षांपासून आमच्याकडेच आहेत, त्यांचंही ग्रीन कार्ड आहे. पण त्यांचं नाव मी फॉर्मवर लिहिलंच नव्हतं. कर्जाच्या कागदात न कमावणारं माणूस कशाला दाखवायचं, ही आपली सवय. इथे मात्र कर्जात नाव असो-नसो, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची कमाई धरतात आणि डोकीही मोजतात. पाच डोकी झाली की मर्यादा थेट १,५८,२५०. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे माझं बसून खाणं कामाला आलं म्हण."

पुढे पाण्याची तपासणी. पहिल्या नमुन्यात कोलिफॉर्म जंतू निघाले. विकणाऱ्याने माणूस बोलावून बोअरमध्ये क्लोरीन ओतलं, सगळे नळ वास येईपर्यंत सोडले, आणि क्लोरीन पूर्ण उतरल्यावर नवा नमुना दिला. आई ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या. "आपल्याकडे विहिरीत टीसीएल टाकतात तेच ना हे? मला वाटलं अमेरिकेत काहीतरी निराळं असेल." दुसरा अहवाल स्वच्छ आला.

सप्टेंबरअखेर बँकेची मंजुरी झाली आणि फाइल खात्याकडे गेली. खात्याचं हमीपत्र आल्याशिवाय बँक पुढे सरकत नाही, आणि १ ऑक्टोबरला खर्चाची मंजुरी अडकल्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कामकाजच बंद पडलं. ४३ दिवस. फोन करून उपयोग नाही, कारण उचलणाराच घरी बसलेला. व्याजदर धरून ठेवायची मुदत संपत आली, ती वाढवायला पैसे मोजावे लागले. विकणारे आजोबा थांबले, हे आमचं नशीब. मका काढायची गडबड असल्याने त्यांनाही फारशी घाई नव्हती. हे कर्ज घेणार असाल तर करारातली तारीख सैल ठेवा, एवढं नक्की सांगेन.

१२ नोव्हेंबरला सरकार उघडलं, हमीपत्र आलं आणि डिसेंबरात सह्या झाल्या. शून्य डाउन पेमेंट म्हणजे फुकट मात्र नाही: हमीची १ टक्का फी कर्जातच मिळवली, शिवाय दरवर्षी शिल्लक कर्जावर ०.३५ टक्के, ते हप्त्यातूनच जातात. आमच्या २,३०,००० च्या कर्जावर ही वार्षिक फी सुरुवातीला महिन्याला ६७-६८ डॉलर पडते.

किल्ली मिळाली त्या संध्याकाळी आईंनी आधी नळ सोडला, ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला आणि मगच चहाचं आधण ठेवलं.