तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांच्या मॅचेस लावायला एवढा वेळ कसला लागतो?

रविवारी दुपारी माझा फोन कायम बिझी लागतो ही आमच्या घरातली जुनी तक्रार आहे. साताऱ्याहून मावशी फोन लावते, तिकडे तेव्हा दिवेलागण झालेली असते, आणि मी इकडे कुठल्यातरी क्लबच्या माणसाला समजावत असते की बाबा, मंगळवार नाही तर गुरुवार घे पण खेळ. मग मावशी म्हणते, अगं शाळेतल्या पोरांच्या मॅचेस त्या, एकदा कागदावर लिहून टाकायच्या, एवढा कसला वेळ लागतो तुला? हाच प्रश्न इथली मराठी मंडळीही गणपतीत भेटली की विचारतात. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहिते.

मी आयर्लंडमध्ये राहते, डब्लिनपासून तासाभरावर. मुलगा आठ वर्षांचा असताना शेजाऱ्यांचं बघून त्याला गावातल्या जीएए क्लबात घातला. जीएए म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, 1884 मध्ये टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावात एका हॉटेलात स्थापन झालेली संस्था, आणि आजही इथे खेळायचे पैसे कुणालाच मिळत नाहीत, अगदी डब्लिनच्या क्रोक पार्कवर 82 हजार लोकांसमोर फायनल खेळणाऱ्यालाही नाही. तो सोमवारी सकाळी परत शाळेत शिकवायला नाहीतर ट्रॅक्टरवर. त्यामुळे मॅचेस लावणारेही सगळे फुकटचेच, माझ्यासारखे. मी यात कशी पडले तर एका मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं एक्सेल कुणाला बरं येतं आणि मी मान डोलावली. बस्स. आधी क्लबचं काम, मग तिथून काउंटीच्या ज्युवेनाइल कमिटीवर, तिला इथे आयरिशमध्ये कोश्ते ना नोग म्हणतात.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गेलिक फुटबॉलमध्ये बॉल हातातही घेता येतो, लाथही मारता येते, एका बाजूला 15 खेळाडू, खांब रग्बीसारखे उंच आणि खाली सॉकरसारखी जाळी. जाळीत गेला तर गोल म्हणजे 3 पॉइंट, आडव्या दांड्यावरून गेला तर 1. मोठ्यांच्या खेळात 2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर 2 पण मिळतात. स्कोअर लिहितात 3-8 असा, म्हणजे 3 गोल 8 पॉइंट, एकूण 17. समोरच्यांचे 1-15 असतील तर ते 18 होऊन जिंकले, हे मावशीला कळायला एक अख्खा उन्हाळा गेला आणि खरं सांगू तर पहिल्या वर्षी मलाही बोटं मोजावी लागायची.

आता मुख्य मुद्दा. साधारण 12 वर्षांपर्यंतच्या पोरांना चॅम्पियनशिप नसतेच, त्यांचे गो गेम्स असतात, सगळ्यांनी खेळायचं, कप नाही, टेबल नाही. (आईबाप बाउंड्रीवर मनातल्या मनात स्कोअर ठेवतात ती गोष्ट वेगळी.) त्याच्या वरच्या वयोगटांना चॅम्पियनशिप. आपल्याकडे गावोगावच्या कबड्डीत वजनगट असतात, इथे वयाचे गट, 1 जानेवारीला तुमचं वय किती ते बघायचं. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं पोर गटात कायम सगळ्यात बारकं, आणि जानेवारीवाला त्याच्याच वर्गातला असून खांद्याने एवढा मोठा.

समजा पंधरा वर्षांखालच्या 22 टीम्स आहेत. सगळ्यांना एकत्र टाकून चालत नाही, कारण शहरातल्या क्लबकडे त्या वयाची 40 पोरं आणि डोंगराकडच्या क्लबकडे 13, तीही गोळा करून. म्हणून वसंतात आधी लीग, तिच्या निकालावरून ए, बी, सी अशा ग्रेड्स, आणि मग ऑगस्टपासून चॅम्पियनशिप. 22 ला चारने भाग जात नाही. मग चारचे 3 ग्रुप आणि पाचचे 2. चारच्या ग्रुपमध्ये 6 मॅचेस आणि 3 राउंड, पाचच्या ग्रुपमध्ये 10 मॅचेस आणि 5 राउंड, वर प्रत्येक राउंडला एक टीम घरी बसलेली. म्हणजे सेमीफायनलच्या आधीच 38 मॅचेस, एका वयोगटाच्या, आणि अर्ध्या ग्रेड्स दोन आठवडे आधी संपून वाट बघत बसणार. हे गणित एक्सेल दहा मिनिटांत करून देतं. मावशीचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे.

पण ती पोरं एक्सेलमध्ये राहत नाहीत ना.

जून घ्या. मोठ्यांची लीव्हिंग सर्ट, म्हणजे इथली बारावी, जूनच्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी सुरू होते, तेव्हा मोठ्या गटाच्या मॅचेस बंद. परीक्षा संपली की खेळूया म्हणावं तर तेवढ्यात पंधरा-सोळाची पोरं गेलटाख्टला जातात, म्हणजे जिथे आयरिश भाषा बोलली जाते त्या भागात तीन-तीन आठवड्यांचे उन्हाळी कोर्स, तिथे इंग्रजी बोलताना सापडलं तर घरी पाठवायचीही पद्धत. एका मेंटॉरचा (इथे कोचला मेंटॉरच म्हणतात) मला मेसेज आला होता की आमचा गोलकीपर कॉनेमारात आहे, फुलबॅक डोनेगलमध्ये, आणि ज्याला आयरिश अजिबात येत नाही तो एकटा घरी आहे पण त्याचा हात मोडलाय. जुलैत लोक सुट्टीवर. म्हणून खरी चॅम्पियनशिप ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि नेमकं तेव्हाच मोठ्यांच्या क्लब मॅचेस, कारण 2022 पासून वर्षाचे दोन भाग केलेत, जुलैपर्यंत काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) टीमच्या मॅचेस आणि त्यानंतर क्लबच्या. चांगला निर्णय, मला पटतो, पण ग्राउंड तेच, रेफरी तेच आणि मेंटॉर स्वतः रविवारी मोठ्यांच्या टीममध्ये खेळणारा.

त्यात ड्युअल पोरं. अर्धी टीम हर्लिंगपण खेळते, तीच पोरं, तोच क्लब, हातात फक्त काठी. म्हणून एक आठवडा फुटबॉल एक आठवडा हर्लिंग असं आलटून पालटून लावायचं. मुलींचं तर अजून अवघड, कारण कमोगी (म्हणजे मुलींचं हर्लिंग) 1904 पासून वेगळ्या संस्थेकडे आणि मुलींचं फुटबॉल 1974 पासून तिसऱ्याच संस्थेकडे. तिघींचं 2027 पर्यंत एकत्रीकरण व्हायचं ठरलंय. तोपर्यंत मी माझं टाइमटेबल लावते, त्या बाई त्यांचं, आणि गुरुवारी साडेसहाला एकाच ग्राउंडवर दोन टीम वॉर्मअप करताना दिसतात. एकमेकींना सॉरी म्हणायला आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे.

रेफरीचा तुटवडा हा वेगळाच विषय. बाउंड्रीवरून आईबाप जे बोलतात ते ऐकून कुठला शहाणा माणूस परत येईल? आणि गावात कुणी गेलं तर मॅच होत नाही. इथे ही रीतच आहे, क्लबच्या माणसाचं दुःख म्हणजे त्या आठवड्यात क्लब खेळत नाही, समोरचा क्लबही एका शब्दाने कुरकुरत नाही, उलट त्यांचीच पोरं जर्सी घालून रस्त्याच्या कडेला उभी राहतात. तो बदल मी कधीही, कितीही वाजता करते. त्याच्यावर वाद नाही.

वाद वॉकओव्हरवर. आमच्या कमिटीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो तारीख दिली, तारखेला या, नाही आलात तर समोरच्याला पॉइंट, शिस्त म्हणजे शिस्त. मी दुसऱ्या पक्षात आणि बहुतेक वेळा मायनॉरिटीत. आता बघा, मोठ्या क्लबला वॉकओव्हर देण्याची वेळ कधी येत नाही, त्यांची 10 पोरं सुट्टीवर गेली तरी 30 उरतात. वॉकओव्हर देतो तो 13 पोरांचा क्लब, ज्यातली 3 एका लग्नाला गेली. म्हणजे शिस्त जिथे लागू होते तिथे आधीच दुष्काळ. आणि त्या उरलेल्या दहा जणांनी शनिवारभर मॅचची वाट बघितलेली असते. चौदा-पंधरा हे वयच असं की दोन शनिवार रिकामे गेले की तिसऱ्याला पोर बूट शोधत नाही. हे मी माझ्या घरात बघितलंय, माझा मोठा असाच सुटला. म्हणून मी तीनदा तारीख बदलीन, 11-11 खेळा म्हणेन, शेजारच्या गावाबरोबर मिळून टीम करा म्हणेन, पण वॉकओव्हर लिहायला माझा हात जात नाही. मिळून टीम करणं बोलायला सोपं, इथे क्लब म्हणजे पॅरिश, म्हणजे गाव, देऊळ आणि शंभर वर्षांची खुन्नस. दोन गावांची एक टीम करायची तर जर्सी कुठल्या रंगाची यावर एक मीटिंग पूर्ण जाते. एका ठिकाणी शेवटी दोन्हींचे रंग सोडून काळी घेतली.

शिवाय वॉकओव्हरने टेबलही बिघडतं. दोन टीम बरोबरीत असतील तर आपसातल्या मॅचमध्ये कोण जिंकलं ते बघतात, पण तीन असतील तर स्कोअरमधला फरक, आणि मग न खेळलेल्या मॅचचा फरक किती धरायचा यावरून मला रात्री अकराला फोन येतात. नियम आहेत, पुस्तक आहे, पण फोन करणाऱ्याला पुस्तक नको असतं. जीएएचे नियम हा एक स्वतंत्र आनंद आहे बरं का. रेफरीला द्यायच्या यादीत खेळाडूंची नावं आयरिशमध्ये लिहायची, म्हणजे मर्फी असेल तर ओ मुरखू. पूर्वी तर अपील आयरिश बनावटीच्या कागदावर नाही म्हणून फेटाळलं जायचं. आमचं आडनाव कुलकर्णी, त्याचं आयरिश काय करणार, पहिल्या मॅचला रेफरी त्या नावाकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, हे आधीच आयरिशसारखं दिसतंय, राहू दे.

आणि आता माझी चूक सांगते, कारण नुसत्या दुसऱ्यांच्या सांगून चालणार नाही. एका वर्षी ऑगस्टमध्ये वीकडेच्या सगळ्या मॅचेस संध्याकाळी 7 च्या लावल्या होत्या, तेव्हा नऊपर्यंत उजेड असतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बी ग्रेडची सेमीफायनल लावताना मी जुनी ओळ कॉपी केली, तारीख बदलली, वेळ तशीच. ग्राउंडला फ्लडलाइट नाहीत. दोन्ही मेंटॉरना हो म्हणायची सवय लागलेली, त्यांच्याही लक्षात आलं नाही. रेफरी कामावरून येताना ट्रॅफिकमध्ये अडकला, मॅच सव्वासातला सुरू झाली. मी तिथे होते कारण एक अंपायर कमी होता, म्हणून मला पांढरा कोट घालून खांबाजवळ उभं केलं, हातात दोन झेंडे, हिरवा गोलचा आणि पांढरा पॉइंटचा. हाफटाइमपर्यंत ठीक होतं. नंतर पलीकडच्या टोकाची पोरं नुसत्या सावल्या झाल्या. बॉल वर गेला की आकाशात दिसायचा आणि खाली आला की गायब, सगळे कानाने खेळत होते, माझा, माझा, सोड, असं. शेवटच्या मिनिटाला एका पोराने मारलेला बॉल दांड्यावरून गेला, निदान मला तसं वाटलं, दुसऱ्या खांबाकडच्या अंपायरकडे बघितलं तर तो माझ्याकडे बघत होता. मी पांढरा झेंडा वर केला. मॅच टाय.

एक्स्ट्रा टाइम खेळायचा नियम होता. रेफरीने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ही वेळ कुणी लावली? मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, मग रीप्लेची पण तूच लाव.

रीप्ले रविवारी सकाळी 11 ला लावला, त्यामुळे फायनल एक आठवडा पुढे गेली, त्यामुळे हर्लिंगचा एक राउंड हलला, त्यामुळे मुलींची एक मॅच दुसऱ्या गावाला गेली. त्या दोन आठवड्यांतच मावशीने सहा वेळा फोन केला होता आणि तिला वाटलं मी रागावलेय.

तेव्हापासून फ्रिजवर मी एक कागद लावलाय, ऑगस्ट ते ऑक्टोबर रोजची सूर्यास्ताची वेळ, त्यातून दीड तास वजा करून शेजारी लाल शाईने थ्रो-इनची, म्हणजे मॅच सुरू करायची, शेवटची वेळ. मागच्या वर्षी सासूबाई आल्या होत्या, चष्मा लावून बराच वेळ तो कागद वाचत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, बरं केलंस हो पंचांग लावलंस, पण इथे प्रदोष फारच उशिरा लागतो, आणि तिथी कुठे दिसत नाहीत.