तुम्ही विचारलंत म्हणून: झाडाला हिवाळा कसा आठवतो?

“झाडाला मेंदू नाही, मग थंडी होऊन गेली हे त्याच्या लक्षात कसं राहतं?” वनस्पतींच्या पेशींवर काम करते म्हटलं की हा प्रश्न येतोच. शेतकरी तोच वेगळ्या तऱ्हेने विचारतात: कोबीचा गड्डा आपल्याकडे छान धरतो, मग बी का धरत नाही? कारण बहुतेक कोबीला फुलण्याआधी काही आठवडे सलग थंडी लागते. म्हणून त्याचं बी कुलूच्या खोऱ्यासारख्या थंड मुलखात तयार करतात.

थंडीची ही आठवण नीट उलगडली ती कोबी-मोहरीच्याच कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या इवल्याशा रोपात. इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या जॉन इनेस सेंटरमध्ये कॅरोलिन डीन यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. या रोपाच्या हिवाळा सोसणाऱ्या जातींत एफएलसी नावाचं जनुक फुलोरा अडवून धरतं. थंडीत ते बंद होतं आणि ऊन वाढल्यावरही बंदच राहतं.

डीएनएमधलं एकही अक्षर यात बदलत नाही. डीएनए पेशीत मोकळा नसतोच; रिळावर दोरा गुंडाळावा तसा तो हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, आठ हिस्टोनांच्या दर गटाला साधारण १४७ अक्षरजोड्या. हिस्टोनांच्या शेपट्या बाहेर आलेल्या असतात. एच३ या प्रकारच्या हिस्टोनच्या शेपटीत २७व्या जागेवर असलेल्या लायसिनवर (प्रथिनं ज्यांची बनतात त्यातलं एक अमिनो आम्ल) तीन मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे छोटे रासायनिक तुकडे, बसले की तिथलं जनुक गप्प होतं. ही खूण करतो पीआरसी-२ हा प्रथिनांचा संच. थंडी लांबते तसं व्हिन-३ हे प्रथिन पेशीत वाढत जातं आणि पीआरसी-२ ला जोडलं जाऊन एफएलसीच्या सुरुवातीच्या भागात खूण उठवायला मदत करतं. एक-दोन गार रात्रींनी हे होत नाही. ऊब आली की व्हिन-३ नाहीसं होतं, खूण मात्र जनुकभर पसरते.

मला सगळ्यात भावतं ते पुढचं. एफएलसी एखाद्या पेशीत अर्धंमुर्धं बंद नसतं. चालू तरी, नाहीतर बंद. थंडी जितकी लांबते तितक्या जास्त पेशींत ते बंद होतं. डीन आणि पेशींतल्या घडामोडींची गणितं मांडणारे मार्टिन हॉवर्ड यांच्या गटांनी २०११ साली हे मांडलं. म्हणजे हिवाळा किती लांबला याचा हिशेब एकट्या पेशीकडे नसतो, सगळ्या पेशी मिळून तो ठेवतात! पेशी विभागताना खुणा असलेले जुने हिस्टोन दोन्ही नव्या पेशींत वाटले जातात, आणि पीआरसी-२ त्या ओळखून शेजारच्या कोऱ्या हिस्टोनांवर तशाच खुणा करतं.

थंडीचा असा संस्कार पुढच्या पिढीत उतरतो, असं सोव्हिएत रशियात कृषितज्ज्ञ ट्रोफिम लिसेंको ठासून सांगत असे. एफएलसीच्या बाबतीत तरी तसं होत नाही. बी तयार होताना ईएलएफ-६ हे प्रथिन या मिथाइल खुणा पुसायला मदत करतं आणि एफएलसी पुन्हा चालू होतं. ईएलएफ-६ बिघडलेल्या रोपांत खुणा पुरत्या पुसल्या जात नाहीत, आणि त्यांच्या संततीत एफएलसी काही अंशी दबलेलंच राहतं. निसर्गात अशा रोपाने हिवाळ्याच्या तोंडावरच फुलायची घाई केली, तर बी धरेपर्यंत ते टिकणं अवघडच.