पाणी वाढतंय आणि मला भीती वाटतीय

काल रात्रीपासून परत पाऊस लागलाय. ग्रुपवर मेसेज आला, कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला 28 फूट, कोयना धरणातनं विसर्ग वाढवणारेत. सांगलीत 40 फुटाला इशारा आणि 45 ला धोका हे शाळेतल्या पोरांनापण पाठ असतं, त्यामुळं 28 म्हणजे खरंतर काहीच नाही. तरी माझ्या पोटात गोळा आला. 2019 पासून दर पावसाळ्यात हेच होतंय.

त्या ऑगस्टमध्ये आम्ही सगळे म्हणत होतो की 2005 ला जिथपर्यंत आलं होतं तिथपर्यंतच येईल, त्यावर काय जात नाही. गावभागात आमचं घर तळमजल्यावर, 2005 चं पाणी पायरीला लागून परत गेलं होतं म्हणे, म्हणून आम्ही गॅस, धान्य आणि टीव्ही तेवढा वर उचलला आणि बसलो. आणि पाणी 57 फुटांच्या वर गेलं. मी, दोन्ही पोरं आणि सासूबाई कसंबसं मिरजेला मावशीकडं पोचलो, हे मात्र शेजारच्यांच्या गच्चीवर थांबले कारण शेजारचे आजोबा उठू शकत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी यांचा फोन बंद झाला. लाइटच नव्हती तर चार्जिंग कुठनं होणार, हे डोक्याला कळत होतं पण मनाला कोण सांगणार.

लहानपणापासून चर्चमध्ये वाढले, संडेस्कूलमध्ये मी स्वतः पोरांना शिकवते, भिऊ नका प्रभू आहे म्हणून, आणि त्या रात्री मला साधी प्रार्थना येईना. डोळे मिटले की पाणीच दिसायचं. आणि वर अपराधी वाटायचं की एवढी भीती वाटतीय म्हणजे माझा विश्वासच नाही का.

आईंना (सासूबाईंना) ते न सांगता कळलं. त्यांनी मेणबत्ती जवळ ओढली आणि बायबलमधलं स्तोत्र 56 काढलं. दावीद, जो पुढं इस्राएलचा राजा झाला, तिथं म्हणतो की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन. आई म्हणाल्या, "बघ गं, मला भीती वाटत नाही असं तो म्हणतच नाही. वाटेल तेव्हा, म्हणतोय."

नंतर मी ते नीट काढून वाचलं. स्तोत्राच्या वरच लिहिलंय की पलिष्ट्यांनी, म्हणजे त्याच्या शत्रूंनी, त्याला गथात धरलं तेव्हाचं हे आहे. गथ म्हणजे गल्याथाचं, त्या धिप्पाड पलिष्टी योद्ध्याचं गाव! बायबलच्याच 1 शमुवेल 21 मध्ये आहे सगळं, शौल राजाला भिऊन पळताना दावीद तिथं गेला, राजाच्या माणसांनी ओळखलं तेव्हा एवढा घाबरला की वेड्याचं सोंग घेतलं, दाराच्या फळ्या खरडल्या, दाढीवर लाळ गाळली. ज्यानं गल्याथाला पाडलं तोच हा. म्हणजे एवढ्या घाबरलेल्या माणसाच्या तोंडचं ते वाक्य आहे. मला वाटायचं आधी भीती गेली पाहिजे मग विश्वास येतो, पण इथं दोन्ही एकाच वेळी एकाच माणसात आहेत आणि देवानं त्याला हाकलून दिलं नाही.

हे तिसऱ्या दिवशी फोनवर बोलले. आम्ही सगळे रडलो. पण त्याच आठवड्यात आमच्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात पुरातनं माणसं नेणारी बोट उलटली आणि किती घरं रिकामी झाली. त्या बोटीत बसलेल्यांनी देवाचा धावा केला नसेल का? म्हणून आमचा विश्वास होता म्हणून आमचा माणूस वाचला, असं मी कधीच कुणाला सांगत नाही आणि चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे देवाचा अनुभव सांगताना, कुणी तसं बोललं तर मला त्रास होतो. ते का गेले हे मला माहीत नाही. त्याच स्तोत्रात पुढं दावीद म्हणतो की देव आपली आसवं बुधलीत भरून ठेवतो. मी ब्रह्मनाळच्या बायकांसाठी प्रार्थना करताना तेवढंच धरते.

घरी आलो तेव्हा गुडघ्याएवढा गाळ होता, लग्नातलं कपाट फुगून उघडेना. ते सगळं सावरलं हळूहळू.

आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत. कागदांची पिशवी माळ्यावर टाकली, खालचे ड्रॉवर रिकामे केले, हे कोयनेचे आकडे बघत बसलेत. धाकट्यानं विचारलं, मम्मी तुला भीती वाटती का? मी म्हटलं हो रे, वाटती. मग तो माझ्याजवळ सरकला आणि म्हणाला चल मग आजीला उठव, प्रार्थना करू.