क्लिक की ट्रम्पेट?

लंडनमध्ये जुन्या रेकॉर्डी डिजिटल करून देणं हे माझं काम. एका दिवंगत ट्रम्पेटवादकाच्या मुलीनं जॅझ ट्रम्पेटवादक केन व्हीलरची ‘विंडमिल टिल्टर’ ही रेकॉर्ड आणून दिली. फोंताना या कंपनीची १९६९ची मूळ प्रत. सीडी २०१० मध्ये निघाली आहे, असं मी तिला सांगितलं. तिला वडिलांचीच प्रत हवी होती.

दातांच्या दुखण्यामुळे व्हीलरला काही काळ ट्रम्पेट वाजवता येईना, तेव्हा बँडप्रमुख जॉन डँकवर्थनं त्याला ऑर्केस्ट्रासाठी संगीत लिहायला सांगितलं. त्यानं पवनचक्क्यांवर चालून जाणाऱ्या डॉन किहोतेची गोष्ट घेतली. १९६८ साली ध्वनिमुद्रण झालं. बासवर डेव्ह हॉलंड, गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन. वर्षभरात दोघंही जॅझमधल्या दिग्गज माइल्स डेव्हिसबरोबर वाजवत होते आणि पुढे याच मॅक्लॉफ्लिननं आपल्या झाकीरभाईंबरोबर ‘शक्ती’ हा बँड उभा केला.

रेकॉर्ड धुतली, सुई तपासली, २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर उतरवून घेतली. मग क्लिक, म्हणजे ओरखड्यांमुळे येणारे टकटक आवाज, काढायला बसलो. सॉफ्टवेअर अचानक उसळणारी लहर शोधतं, ती कापतं आणि आजूबाजूच्या आवाजावरून ती जागा भरतं. कापलेलं तेवढंच ऐकायची सोयही असते. ती मी कधीच टाळत नाही. त्या दिवशी मोहरीसारख्या तडतडीच्या मागून ट्रम्पेट ऐकू आले! ट्रम्पेट, ट्रॉम्बोन अशा पितळी वाद्यांचा अख्खा ब्रास विभाग एकदम घुसतो, तिथे स्वरांची सुरुवातच सॉफ्टवेअरला ओरखडा वाटत होती. व्हीलरच्या फ्लुगलहॉर्नला, म्हणजे ट्रम्पेटच्याच भावंडाला, मात्र धक्का लागला नव्हता. त्याचा स्वर मऊ, गोलसर, त्यात तसली टोकं नाहीत.

लक्षात घ्या, बिग बँडचा, म्हणजे अशा मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचा, जीव त्या सुरुवातीतच असतो. इतकी माणसं एका क्षणी फुंकतात, तो क्षण बोथट केला तर उरतं काय? ब्रासच्या सगळ्या जागांवर मी स्वयंचलित सफाई बंद केली आणि लहर मोठी करून एकेक क्लिक हातानं काढली. दिवस त्यातच गेला, पण असं काम करायला मिळावं म्हणूनच मी या धंद्यात आहे.

एका ठिकाणी क्लिक नेमकी ट्रम्पेटच्या फुंकेवर बसली होती. मुलीला दोन्ही रूपं ऐकवली. तिनं क्लिक असलेलं निवडलं. मीही तेच निवडलं असतं.