कालनिर्णयावरचा हिशेब

23 जुलै 2019, मंगळवार. गोव्यातल्या डिचोलीत पहाटेपासून पाऊस थांबला नव्हता आणि आयकर विवरणपत्रांची मुदत आठ दिवसांवर आली होती. जुलैच्या अखेरीस सनदी लेखापालाच्या कार्यालयात एकेका विवरणपत्राला द्यायला हवा तेवढा वेळ मिळत नाही. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, नवे आकडे घालायचे आणि पुढच्या फाइलकडे वळायचे, असे चालते. अकराच्या सुमारास माझ्याकडे आर्टिकलशिप, म्हणजे लेखापालाच्या कामाचे प्रशिक्षण, करणारी मुलगी फोन हातात धरूनच टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, पाळीच्या ट्रकवाल्यांच्या घरून ओटीपी देत नाहीत. वहिनी विचारताहेत, कशाचा ओटीपी ते आधी सांगा."

हे पाळी गावचे गृहस्थ चौदा वर्षे माझ्याकडे येत होते. खनिज वाहतुकीचे तीन टिप्पर त्यांच्या मालकीचे होते. दर जुलैत ते येत, "ट्रक तीनच ना?" एवढे मी विचारी, ते मान हलवीत आणि आमचे काम होई. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नीचेही विवरणपत्र आम्हीच भरत असू. पूर्वी बंगळुरूला पाठवायच्या पावतीपत्रावर ते घरून तिची सही आणून देत. पुढे आधारच्या ओटीपीने काम होऊ लागले, आणि तिचे आधारही त्यांच्याच मोबाइलला जोडलेले असल्यामुळे सहीचीसुद्धा गरज उरली नाही. त्या दिवशी ते साखळीला गेले होते आणि मोबाइल घरी विसरले होते, म्हणून तो फोन त्यांच्या पत्नीने उचलला. चौदा वर्षांत मी वहिनींना एकदाही पाहिले नव्हते.

घर सांभाळणाऱ्या स्त्रीचे विवरणपत्र कशासाठी, असा प्रश्न गोव्याबाहेरच्या वाचकांना पडेल. पोर्तुगीज नागरी संहिता 1867 सालची. ती 1 जुलै 1870 पासून येथे लागू झाली आणि 1961 मध्ये पोर्तुगीज गेल्यानंतरही तिच्यातला कौटुंबिक कायदा टिकून राहिला. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक ठरते, निम्मी त्याची आणि निम्मी तिची. 1961 च्या आयकर कायद्याने ही गोष्ट कलम 5अ मध्ये मान्य केली. पगार सोडून बाकी सर्व उत्पन्न दोघांत समसमान वाटायचे आणि ज्याचा हिस्सा त्याच्या विवरणपत्रात दाखवायचा, असे ते कलम सांगते. ते 1994 च्या वित्त अधिनियमाने आले, पण पूर्वलक्षी प्रभावाने 1 एप्रिल 1963 पासून लागू झाले. त्यात संहितेचे वर्ष 1860 असे छापले आहे आणि कलम उघडले की ती चूक मला प्रत्येक वेळी खुपते. या वाटणीने कर वाचतो, म्हणून आम्ही लेखापाल ती अशिलांना आवर्जून समजावतो. तिच्या नावे दाखवलेले उत्पन्न खरोखरच तिचे आहे, हा त्याच कलमाचा दुसरा अर्थ मात्र आमच्या टेबलावर क्वचितच उच्चारला जातो.

फोन मी घेतला. तुमचे आयकराचे विवरणपत्र तयार आहे, ते पाठवण्यासाठी मोबाइलवर आलेला क्रमांक हवा आहे, असे मी सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "त्यात माझं उत्पन्न किती दाखवलंय?" मी पडद्यावरचा आकडा वाचला: दोन लाख एक्याण्णव हजार सहाशे. पलीकडे काही क्षण कुणी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, "सर, तिन्ही ट्रक दारात उभे आहेत. टायरांत गवत वाढलंय. हे पैसे मी कुठून मिळवले? मी येते तिथे, मग बघू ओटीपीचं."

त्या येईपर्यंतचे अडीच तास माझे अस्वस्थतेत गेले. पहिली अडचण मर्यादेची होती. व्यवसायात कळलेली अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणाला देणे हे 1949 च्या सनदी लेखापाल कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे गैरवर्तन आहे. पत्नी म्हणजे दुसरी व्यक्ती. नवऱ्याची फाइल मी तिच्यापुढे उघडायची की नाही? बराच विचार केल्यावर उत्तर तिच्याच विवरणपत्रात सापडले. ते तिचे होते, तिच्या नावाचे आणि तिच्या पॅनचे. त्यातले सगळे तिला दाखवायला मला कुणाच्याही परवानगीची गरज नव्हती, आणि धंद्याच्या उत्पन्नाचा निम्मा भाग त्यात असल्यामुळे त्याची दुप्पट कुणालाही करता येत होती. तीही माझी अशील आहे, हे त्या दुपारी मला प्रथमच पुरतेपणी जाणवले.

दुसरी अडचण आकड्याची होती, आणि तिचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दहापर्यंत मालवाहू वाहने असणाऱ्यांसाठी त्या वेळच्या आयकर कायद्यात कलम 44अई होते. त्याखाली हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नसत. दर वाहनामागे दरमहा ठरावीक उत्पन्न गृहीत धरले जाई. 2017-18 पर्यंत ते दरमहा 7,500 रुपये होते. 2018-19 पासून 12,000 किलोपेक्षा जास्त एकूण वजनाच्या वाहनांना दर टनामागे दरमहा 1,000 रुपये असा नवा दर आला. या तिन्ही टिप्परांचे नोंदणी-पुस्तकातले एकूण वजन 16,200 किलो, म्हणजे एका ट्रकचे महिन्याला 16,200 रुपये, तिघांचे वर्षाला 5,83,200 आणि त्याचे निम्मे 2,91,600. हा नवा दर 1 एप्रिल 2018 पासून लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन गोव्यातील खाणी बंद पडल्या, त्या त्याच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, मार्चच्या मध्याला. ट्रक उभे राहिले आणि नेमक्या त्याच वर्षी कागदावरचे त्यांचे उत्पन्न दुपटीहून अधिक झाले. वाहन चालले की उभे होते, हे कलम 44अई विचारत नसे. ते मालकीवर चाले. खरे उत्पन्न त्याहून कमी असेल तर वह्या लिहून लेखापरीक्षण करून घेण्याची वाट कायद्यातच ठेवलेली होती. ती वाट मला ठाऊक होती. पण दोघांचाही कर सवलतीनंतर शून्य येत होता, म्हणून मी पुढचा प्रश्न विचारलाच नव्हता. पाळी, वेळगे, साखळी या पट्ट्यात ट्रक उभे आहेत हे मी रोज येता-जाता पाहत होतो, आणि तरीही त्यांच्या मालकाला फक्त "ट्रक तीनच ना?" एवढेच विचारत होतो.

दीडच्या सुमारास वहिनी आल्या. छत्री दारात ठेवून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कालनिर्णयच्या दोन गुंडाळ्या काढल्या, 2018 ची आणि 2019 ची, आणि माझ्या टेबलावर पसरल्या. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरून उतरवलेली ती दिनदर्शिका होती. कोपऱ्यांवर तेलाचे डाग होते. दूधवाल्याच्या खुणा एका बाजूला होत्या आणि बाकी प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात हिशेब होता. प्रत्येक ट्रकला वेगळा रंग: एकाला लाल पेन, दुसऱ्याला निळे, तिसऱ्याला पेन्सिल. "2 खेपा, डि. 3,500, अॅड. 500", अशा नोंदी. चालक रात्री घरच्या फोनवर खेपा सांगत, डिझेल किती घातले आणि उचल किती घेतली तेही सांगत. नवरा थकून झोपलेला असे, म्हणून लिहिण्याचे काम वहिनींकडे आले होते. खाणी जोरात होत्या तेव्हापासून त्या लिहीत होत्या. पहिल्या बंदीच्या वेळी, 2012 मध्ये, चौकोन रिकामे पडू लागले तेव्हाही त्या रोज रात्री पेन हातात घेऊन बसत, असे त्यांनी सांगितले.

मी 2018 चा मार्च उघडला. पंधरा तारखेपर्यंत तीन रंग होते. त्यापुढचे चौकोन कोरे. एप्रिल कोरा, मे कोरा, पावसाळाभर काही नाही. नोव्हेंबरपासून कुठेकुठे लाल नोंद: चिऱ्यांची खेप, खडीची खेप. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपत असल्यामुळे दोन्ही वर्षांच्या दिनदर्शिका जोडून पाहाव्या लागल्या. साऱ्या वर्षात 41 खेपा निघाल्या. आर्टिकल मुलीने त्या कागदावर उतरवून घेतल्या आणि वहिनींनी आणलेल्या पंपाच्या उधारीच्या बिलांशी एकेक पडताळल्या. डिझेलच्या नोंदी दोन ठिकाणी सोडून सर्वत्र जुळल्या. पंचवीस वर्षांत मी मोठ्या दुकानांची संगणकावरची खाती तपासली आहेत. त्यांतली कित्येक याहून कमी जुळली होती.

"मग इतकी वर्षं हे कुणाला दाखवलं नाहीत?" मी विचारले.

"कुणी मागितलंच नाही," त्या म्हणाल्या.

मी त्यांना त्यांचे विवरणपत्र ओळीओळीने समजावले. सामाईक मालमत्ता म्हणजे काय, त्यांच्या नावे निम्मे का, कर शून्य का येतो आणि तरीही आकडा खोटा का वाटतो, हे सारे. त्यांनी सर्वात जास्त वेळ दुसऱ्याच गोष्टीला दिला. ट्रक निम्मे त्यांचे, तर कर्जही निम्मे त्यांच्याच अंगावर का, बँकेच्या कागदांवर त्यांची सही कुठे आहे, आणि घर निम्मे त्यांचे असेल तर ते त्यांच्या सहीशिवाय गहाण पडू शकते का, हे त्या पुनःपुन्हा विचारत राहिल्या. स्थावर मालमत्ता विकायला किंवा गहाण टाकायला दोघांची संमती लागते, एवढे मी खात्रीने सांगितले. बाकीच्यासाठी कर्जाचे कागद पाहावे लागतील, ते वकिलाला दाखवा, असे म्हणालो.

संध्याकाळी त्यांचे यजमान रेनकोटातच वर आले. घरी चिठ्ठी वाचून ते निघाले होते. टेबलावर पसरलेल्या दिनदर्शिका पाहून ते दारातच थांबले. बायकोला काळजी नको म्हणून बँकेच्या नोटिसा त्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये लपवून ठेवल्या होत्या, हे त्यांनी माझ्यासमोर तिला सांगितले. वहिनी म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. केबिन मीच झाडते." त्यानंतर बराच वेळ तिघांपैकी कुणी बोलले नाही. मग ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि आम्ही ठरवले की दोन्ही विवरणपत्रे आज जाणार नाहीत. वह्या लिहायच्या, लेखापरीक्षण करून घ्यायचे आणि खरा हिशेब दाखवायचा.

त्याच संध्याकाळी मुदत 31 ऑगस्टपर्यंत वाढवल्याची बातमी आली. आमच्या कार्यालयात त्याचा फार आनंद झाला, आणि मला या फाइलसाठी अधिक. तोटा पुढच्या वर्षांत ओढता यावा म्हणून विवरणपत्र मुदतीत जाणे आवश्यक असते. लेखापरीक्षण लागणाऱ्यांची मुदत त्याहून लांबची असली तरी पत्नीच्या विवरणपत्राला तीच मुदत मिळते की नाही, या वादात मला या घराला ढकलायचे नव्हते. सर्व काही 31 ऑगस्टच्या आत संपवायचे ठरले.

वह्या आमच्या कार्यालयाने लिहिल्या. जो वह्या लिहितो त्याने त्यांचे लेखापरीक्षण करू नये, म्हणून ते काम मी म्हापशाच्या एका सहव्यावसायिकाकडे सोपवले. त्याने शंका मला न विचारता थेट वहिनींना फोन करून विचारल्या. तेच मला योग्य वाटले. बँकेला प्रत्यक्ष न भरलेले व्याज कलम 43ब मुळे खर्चात धरता येत नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला. "देणं आहे ना, मग खर्च कसा नाही?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. चिऱ्यांच्या आणि खडीच्या खेपांचे उत्पन्न, विमा, चालकाचा पगार, दुरुस्ती आणि भरलेले व्याज धरून वर्षाचा तोटा 2,14,600 रुपये आला, म्हणजे प्रत्येकी 1,07,300. लेखापरीक्षण अहवालावर अठरा अंकी युडीआयएन, म्हणजे त्या दस्तऐवजाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पडला. नवऱ्याच्या विवरणपत्राला डिजिटल सही लागली. वहिनींचे ओटीपीने जाणार होते. मधल्या काळात त्यांनी स्वतःच्या नावाचे सिमकार्ड घेतले होते आणि आधारला तोच क्रमांक जोडून घेतला होता. आमच्या नोंदीतला त्यांचा जुना संपर्क क्रमांकही मी काढून टाकला. तो चौदा वर्षे आमच्या कार्यालयाचाच होता.

26 ऑगस्टला त्या आल्या. मी विवरणपत्राचा छापील मसुदा त्यांच्यासमोर ठेवला आणि जोडीला खर्चाची यादी दिली. चष्मा लावून त्या शेवटच्या पानापर्यंत वाचत गेल्या. खडीच्या एका खेपेपाशी बोट थांबले. डिझेल 2,900 लिहिले होते. "हे 2,500 आहे," त्या म्हणाल्या, "चारशे त्या दिवशी चालकाची उचल होती. पंपाच्या बिलात बघा." मी बिल काढले. आम्ही 5 चा आकडा 9 असा वाचला होता, आणि ते चारशे उचलीच्या खात्यातून सुटून डिझेलमध्ये गेले होते. खर्च तेवढाच राहिला, तरी आम्ही दोन्ही खाती दुरुस्त केली, लेखापरीक्षकाला कळवले आणि यादी पुन्हा छापली. ती वाचून झाल्यावर त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, डोळ्यांपाशी धरला आणि सहा अंक एकेक करून सांगितले.